ताडपत्रबाबाचं कोरं पान

सन एकाहत्तर. आमच्या वस्तीतल्या नव्या बुद्धविहारात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. ताडपत्रबाबांनी ताडाचं कोरं पान लांबूनच सगळ्यांना फिरवून दाखवलं, तेलात कालवलेलं काजळ त्यावर चोळलं, फडक्यानं पुसलं आणि काळीभोर अक्षरं उमटली. वर पालीतली एक ओळ, खाली मराठीत आज्ञा: 'पुंजारामाने तलंग कोंबडी द्यावी.'

"हाताविना ग्रंथ उतरतोय, उपासकांनो," बाबा म्हणाले. "थेट सिंहलद्वीपाहून."

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तथागतांना शेवगाव तालुक्यातली पुंजारामाची कोंबडी ठाऊक असावी, याचं मला नवल वाटलं. आठवडाभर रोजच्या पानांतून तथागतांना दुसरं काही मागायला सुचतच नव्हतं. शिरा, सायकल, पुन्हा शिरा. मी इथला शाळामास्तर, मागे बसून हसू दाबत होतो. लोकांना मात्र मी हसत नव्हतो. त्यांच्या आज्यांना कुणी अक्षराजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता अक्षर आपण होऊन दारी आलं म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून येत. बाबा नेमकं तेच विकून खात होता.

दुसरं पान निघालं मुक्ताबाईच्या नावाचं. 'तिच्या लेकीने, चांगुणेने, सातवीची शाळा सोडावी. रविवारी बाबांच्या पुतण्याशी लग्न लावावे.'

माझं हसू तिथंच मावळलं. "मुक्ताबाई, अजून लहान आहे पोरगी. वर्गात पहिली येते," मी म्हणालो.

"काय करनार गुर्जी? पानात आलंय," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली.

संध्याकाळी चांगुणा माझ्या दारात उभी. हात तव्याच्या काजळीनं बरबटलेले, कारण बाबांची भांडी तिच्याच गळ्यात होती. भांडी घासता घासता तिनं खाली पडलेलं एक कोरं पान उचललं होतं. तिची बोटं लागली तेवढ्या जागी अक्षरं दिसत होती: 'ने शेळी द्यावी.'

"गुर्जी, म्या निस्तं उचललं. माज्या हातात बी आज्ञा येती व्हय?"

मी पान उजेडात तिरपं धरलं. सगळीकडे बारीक ओरखडे. "जुन्या काळी भिक्खू असेच ग्रंथ उतरवून घेत," मी सांगितलं. "टोकदार लोखंडी लेखणीनं पान कोरायचं. नुसतं कोरलेलं लांबून दिसत नाही. काजळ चोळलं की खाचांत बसतं, वरचं पुसून निघतं. फार मेहनतीचं काम. त्याला ते चमत्कार म्हणत नसत."

तिनं ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमच्याकं दाभन हाय का?"

रविवारी नवरीला पाटावर बसवलं. बाबांनी गठ्ठ्यातलं वरचं पान घेतलं, चोळलं, पुसलं आणि ऐटीत पुंजारामाकडे वाचायला दिलं.

पुंजारामानं खणखणीत वाचलं: 'बाबांनी आपली भांडी आपण घासावी. पुंजारामाची कोंबडी भरून द्यावी. चांगुणेने शिकावे.'

"हे पान माझं नाही," बाबा ओरडले. "हे कुणीतरी लिहिलंय."

पाटावरून चांगुणेनं विचारलं, "मंग बाकीची कुनी लिवली, बाबा?"

मुक्ताबाई उठली, गठ्ठ्यातलं एक कोरं पान घेतलं आणि स्वतः काजळ चोळलं. आज्ञा उमटली. शेजारणीनं चोळलं, तिलाही उमटली. बाबांची सगळी पुढची मागणी, शेळीपासून घोंगडीपर्यंत, दहा मिनिटांत बाहेर आली. मुक्ताबाईनं लेकीला हाताला धरून पाटावरून उठवलं. बाबा पुतण्याला घेऊन पायीच पसार झाले, कारण सायकल पुंजारामानं धरून ठेवली होती.

सोमवारी चांगुणा वर्गात हजर होती, नखांत अजून काजळ.

मित्रहो, अक्षर आपोआप कधीच उमटत नाही. कुठलंही पान पुढं आलं की हात जोडण्याआधी विचारा, हे लिहिलं कुणी आणि त्याला माझ्याकडून काय हवंय.