शार्दूल, पवन आणि खिळ्यावरची बाटली

मी एक बाटली बोलते आहे. बाटली म्हटले की काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून आरंभीच सांगून ठेवते की मद्याचा आणि माझा आयुष्यात कधीही संबंध आलेला नाही. मी सलाइनची बाटली आहे. आजारी माणसाच्या शिरेत थेंबाथेंबाने बळ घालावे, एवढ्यासाठीच कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगावर मापाच्या रेघा आहेत आणि माझे पोट इतके पारदर्शक आहे की आत किती आहे हे कोणीही पाहून सांगावे. दडवादडवी मला साधत नाही.

केजच्या एका दवाखान्यात नांदूरघाटचा रईस मिस्त्री तापाने फणफणून पडला होता. त्याच्या उशाशी मला टांगण्यात आले. ताप उतरू लागताच त्याची नजर माझ्या रेघांवर खिळली. "डॉक्टरसाब, ही रिकामी झाली की मला द्या," तो म्हणाला. "लई कामाची चीज हाय." डॉक्टर हसले आणि मी रईसच्या पिशवीतून नांदूरघाटला आले.

रईसचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान रस्त्यालगत आहे. त्याने मला गरम पाण्याने धुतले, उन्हात वाळवले, हवेसाठी बारीक भोक पाडले आणि दाराच्या चौकटीवरील खिळ्याला अडकवले. त्या दिवसापासून माझे दुसरे आयुष्य सुरू झाले.

माझे काम असे. एखाद्याची गाडी फार पेट्रोल पिऊ लागली की रईस तिच्या टाकीची तोटी बंद करी, मला हँडलला टांगी, वरच्या रेघेपर्यंत पेट्रोल भरी आणि माझी नळी थेट कार्बोरेटरला जोडी. मालकाने गाडी बंद पडेपर्यंत हाकायची. जेथे ती थांबेल, ती जागा म्हणजे माझा निकाल. आमच्या गावी हा निकाल आकड्यांत सांगत नसत. "अमक्याची पाण्याच्या टाकीपर्यंत गेली", "तमक्याची दर्गा ओलांडून गेली", असे सांगत, आणि ऐकणाऱ्याला सर्व काही समजे.

दुकानासमोर दोन जुन्या टायरांवर एक फळी टाकलेली आहे. तिच्यावर दररोज दोन मित्र बसत. एक भारत, डोंगरउतारावरील सीताफळबागेचा मालक. दुसरा शफी, रईसचा मामा, त्याच बागेची फळे विकत घेणारा व्यापारी. भारतची गाडी शार्दूल कंपनीची. ती उंच, जड आणि धडधडणारी. शफीची पवन. ती ठेंगणी, हलकी आणि गुपचूप जाणारी.

"तुझी पवन म्हंजे शिलाई मशीन," भारत म्हणे. "आवाज ऐकला की वाटतं, कुणीतरी झंपर शिवायलंय."

"आन् तुझी शार्दूल चालू झाली की गावातली कुत्री उठून बसत्यात," शफी उत्तर देई. "दोन टोपल्या सीताफळं न्यायला हत्ती कशाला पाळायचा बे?"

"घाट चढताना कळंल तुला."

"घाटात तू उतरून ढकलायला लागतोस, ते बघितलंय मी."

"तवा प्लग गेलता!"

"दरसाली त्याच वळणावर तुझा प्लग कावून जातो मग?"

फळीवरचे सारे हसत. मी खिळ्यावरून हे वर्षानुवर्षे ऐकत आले. माणसाच्या एका सवयीचे मला नेहमी नवल वाटे. जो बाप आपल्या मुलीचे तोंडभर कौतुक करायला संकोचतो, तोच आपल्या गाडीचे गुण चारचौघांत गात बसतो. तरीही या वादात विष नव्हते. वाद संपला तर उद्या बोलायचे काय, याची दोघांनाही धास्ती असावी.

मग भारतच्या मुलीला, स्वप्नालीला, नोकरी लागली. केजच्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिला पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचे होते. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसे भल्या सकाळी येतात आणि नांदूरघाटची पहिली एसटी त्यानंतर निघते. गाडी असेल तर नोकरी, नाही तर घर, इतका सरळ प्रश्न होता.

"घेऊ की गाडी," भारत फळीवर बसून म्हणाला. "नवीकोरी शार्दूलच घेऊ."

"पोरीच्या हातात एवढं धूड देतोस?" शफी म्हणाला. "पवन घे."

"माझ्या दारात पवन उभी राहणार न्हाई."

"आन् पवनच बरी ठरली तर?"

"तर गाडीच नको! शार्दूल न्हाई तर काहीच न्हाई!"

शब्द चारचौघांत सुटला होता. तो मागे घेणे भारतच्या स्वभावात नव्हते. स्वप्नाली बापाला जेवायला बोलवण्यासाठी आली होती आणि दारातच उभी होती. तिला कोणीही काही विचारले नाही.

अखेर रईसने तोडगा काढला. "दोघांच्या गाड्यांना बाटली लावू. जी लांब जाईल ती घ्यायची." दोघांनीही मान डोलावली आणि एका मुलीच्या नोकरीचे ओझे माझ्या गळ्यात पडले.

प्रथम मला शार्दूलच्या हँडलला टांगले. भारत ऐटीत निघाला. पाण्याच्या टाकीपाशी ओळखीचा आसाराम भेटला, तेव्हा भारतने गाडी थांबवली, परंतु बंद केली नाही. "बंद करा की, भारतराव," आसाराम म्हणाला. "कावून बंद करायची? जरा आवाज ऐका!" गाडी धडधडत राहिली, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या आणि माझ्या पोटातील पेट्रोल थेंबथेंब ओसरत गेले. पुढे दुधाच्या संकलन केंद्रावर रामराम, शाळेच्या कोपऱ्यावर रामराम. प्रत्येक ठिकाणी तोच थाट. शार्दूल दर्ग्याच्या अलीकडेच बंद पडली.

मग शफी निघाला. त्याने वाटेत कोणाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पवन दर्गा ओलांडून चढावरच्या चिंचांपर्यंत गेली.

शफी परत आला तेव्हा भारतचा चेहरा उतरला होता. पडलेला माणूस जमिनीला दोष देतो, तसे त्याने केले. "बाटली कुणाची? तुझ्या भाच्याची. पेट्रोल कुणी भरलं? तुझ्या भाच्यानं. मामाभाच्यानं मिळून केलंय हे!"

रईसच्या हातातला पाना तसाच राहिला. शफी मात्र फळीवरून उठला. "भारत, मला काय बी बोल. माझ्या गाडीला बोल. ह्या पोराच्या इमानाला बोलू नको."

भारतने मला हँडलवरून ओढून काढले आणि भंगारात भिरकावले.

गंजलेल्या साखळ्या आणि फुटके मडगार्ड यांच्यामध्ये मी पडून राहिले. मला सर्व ठाऊक होते. कोण कोठे थांबले, किती बोलले, हे माझ्या रेघांनी मोजले होते. पण मला तोंड असून वाचा नाही. फळी रिकामी राहू लागली. डोंगरावर सीताफळांचे डोळे उघडू लागले होते, तोडणी जवळ आली होती, तरी शफी बागेकडे फिरकला नाही आणि भारतने त्याला बोलावले नाही. पहिली तारीख मात्र कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नसते.

एके सकाळी भंगारात एक हात शिरला. तो स्वप्नालीचा होता. तिने मला ओढून काढले, नळाखाली धुतले आणि उजेडासमोर धरून रेघा निरखल्या. "रईसभाई, अजून चालंल ही?"

"चालंल. पण लावायची कुणी? तुझे अप्पा तर..."

"अप्पा येणार हायेत. चाचाला बी निरोप दिलाय."

दोघेही आले आणि परस्परांकडे पाठ करून उभे राहिले. स्वप्नाली म्हणाली, "आता दोन्ही गाड्या मी चालवणार. अप्पा, तुमी माझ्या मागं बसायचं. पेट्रोल तुमीच भरायचं, रेघ तुमीच बघायची."

"तुला गाडी कुणी शिकवली?" भारत चकित झाला.

"शफीचाचांनी. बागंच्या वाटंवर. तुमी झाडावर व्हता तवा."

शफीने आभाळाकडे पाहिले. भारतने चष्मा पुसून रेघ पाहिली, पुन्हा पाहिली आणि मुकाट्याने मागे बसला.

शार्दूल निघाली. टाकीपाशी आसाराम दिसताच भारतचा हात आपोआप वर गेला. "थांब, थांब, आसाराम हाय."

"चालत्या गाडीवरनं रामराम घाला, अप्पा," ती मान न वळवता म्हणाली. "त्या दिवशी तुमची गाडी टाकीपाशी थांबलेली मी गच्चीवरनं बघितली. धूर निघायलाच व्हता."

भारतने हात खाली घेतला. दूध संकलन केंद्र गेले, शाळा गेली, मागच्या वेळी गाडी बंद पडली होती ती जागाही गेली. शार्दूलने दर्गा ओलांडला आणि चिंचांच्या चढावर माझ्या पोटातला शेवटचा थेंब संपला. गाडी थांबली आणि एका अंगाला कलू लागली. स्वप्नालीच्या पायांची केवळ बोटे जमिनीला लागत होती. भारतने मागून दोन्ही पाय रोवून ते धूड सावरले. मी हँडलला लोंबकळत होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. तो गाडीकडे पाहत नव्हता. तो मुलीच्या टाचांकडे पाहत होता. त्या अधांतरी होत्या.

त्यानंतर पवन. तीही त्याच चिंचांपाशी थांबली. दोन गाड्यांच्या निकालात एका झाडाच्या सावलीएवढेच अंतर पडले. गाडी थांबताना भारतचे पाय सवयीने खाली गेले, परंतु त्यांची गरज नव्हती. स्वप्नालीची पावले आधीच जमिनीवर सपाट टेकली होती आणि गाडी तसूभरही हलली नव्हती.

"उतरा की, अप्पा."

"थांब," तो म्हणाला. "जरा बसू दे."

दुकानी परतल्यावर भारतने खांद्यावरच्या टॉवेलने मला पुसले आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवले. मग रईससमोर उभा राहिला. "बाटली खरी हाय, पोरा. तू बी खरा. माझेच रामराम लई झाले."

"मग जिंकलं कोन?" शफीने लांबूनच विचारले.

"कुणी न्हाई. पोरीचे पाय टेकतात ती गाडी घ्यायची." मग भारत थोडा घुटमळला. "आन् सीताफळं झाडावरच पिकवायचा इचार हाय का तुझा?"

शफी फळीवर येऊन बसला. "वाटच बघायलो व्हतो, तू कवा बोलतोस त्याची."

पहिल्या तारखेला स्वप्नाली नव्या पवनवरून केजला गेली. त्याला आता काही वर्षे लोटली. ती एकदा रईसला सांगत होती की तिथेही ती दिवसभर काचेच्या नळ्यांवरच्या रेघाच वाचते. ते ऐकून मला केवढे समाधान झाले, हे शब्दांत सांगता येत नाही.

आज मी पिवळी पडले आहे. माझ्या रेघा फिकट झाल्या आहेत. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, त्यामुळे रईस त्यांचे दुखणे एका पडद्याच्या यंत्रावर पाहतो. मला क्वचितच काम पडते. फळी मात्र भरलेली असते. गंमत अशी की भारत आता म्हणतो, "आमच्या पवनला तोड न्हाई," आणि शफी लगेच उसळतो, "पवन? अरे, शार्दूलचं वजनच येगळं बे!" वाद जिवंत आहे, केवळ माणसांनी बाजू बदलल्या आहेत.

वाचकहो, वाद अवश्य घाला, आपापल्या गाडीचे गोडवे मनसोक्त गा. परंतु गाडी घ्यायची वेळ आली की ज्याला ती चालवायची आहे त्याला आधी तिच्यावर बसवा आणि त्याच्या टाचांकडे पाहा. माझ्या रेघा ते मोजू शकत नाहीत.

आणखी एकच विनंती. कधी नांदूरघाटला आलात तर मला हातात घेऊन अवश्य पाहा, पण पुन्हा त्याच खिळ्याला अडकवा. रोज सकाळी स्वप्नाली येथून जाताना एकदा हॉर्न वाजवते. तेव्हा मला रस्ता दिसायला हवा.