मिसरच्या ठरावावरची सही

आंजीच्या शाळेत मी मास्तर होतो, आणि गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवणारा मी एकटाच. वर्ध्याच्या मोटारीनं ते एक दिवस शिळं होऊन यायचं. संध्याकाळी महादेवरावांच्या छपरीत, घरापुढच्या ओसरीवर, मंडळी जमायची. महादेवराव गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती, रुबाब मात्र तसूभर कमी झाला नव्हता. मी त्यांच्याच घरच्या एका खोलीत राहायचो आणि त्यांच्याच म्हशीचं दूध प्यायचो.

छपन्न सालच्या त्या नोव्हेंबरात मी नुसता पेटलो होतो. सुएझच्या कालव्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, चालून गेले होते. मी छपरीत उभा राहून गरजलो, "जमीन मिसरची, कालवा मिसरचा! मोठा आहे म्हणून कोणी कोणाच्या घरात शिरायचं?"

महादेवरावांनी मांडीवर थाप मारली. "बराबर हाये मास्तर. लिहा ठराव."

त्याच दिवसांत हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले. दिल्लीनं सबुरीची भाषा केली, म्हणून मी दिल्लीलाही सोडलं नाही. "अशा वेळी सबुरी सांगणारा मोठ्याच्याच बाजूचा असतो," असं म्हणालो होतो मी. त्या वाक्यावर दोन दिवस खूश होतो.

मिसरचा ठराव लिहिला, अंगठे उठले. खालच्या पायरीवरून कवडूनं हात पुढं केला. महिन्याभरापूर्वी नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला होता, आणि आल्या दिवसापासून माझ्याकडे सही शिकत होता.

"अंगठा नाई गुरुजी, सही करतो," तो म्हणाला. आयुष्यातली पहिली सही त्यानं मिसरसाठी केली. कागद परत देताना विचारलं, "म्हंजे ज्याच्या जमिनीतून वाट जाते, त्याले विचारूनच जा लागते ना?"

"अर्थात!" मी म्हणालो. शिकवल्याचं चीज झालं, असं वाटलं मला.

कवडूचं चार एकर वावर शाळेच्या खिडकीखालीच होतं. महादेवरावांच्या कापसाच्या बैलबंड्या वर्षानुवर्षं त्यातूनच जायच्या, आणि दरसाल त्याच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळी चाकाखाली यायच्या. ठरावानंतर चौथ्या दिवशी कवडूनं त्या वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या आणि निरोप धाडला, "वाट बंद नाई. फक्त विचाराले या."

महादेवराव विचारायला जाणार होय! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सात बंड्या आल्या. गड्यांनी काट्या उचलून फेकल्या, आणि वाट सोडून मुद्दाम उभ्या पिकातून बंड्या हाकल्या. बोंडं फुटलेली होती. कवडूची बायको अन्नपूर्णा मागून मातीतला कापूस ओंजळीत गोळा करत होती. मी खिडकीतून सगळं पाहिलं, आणि पोरांना पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं.

कवडूनं तक्रार केली, खाली सही केली. आठवड्यानं तहसिलीतून साहेब आले आणि चौकशीला छपरीतच बसले, महादेवरावांच्या घरचा चहा घेत.

"मास्तर, शाळा तर लागूनच आहे. बंड्या वाटेनं गेल्या की पिकातून?"

कवडू पायरीखाली उभा होता. त्याच्या तोंडावर काळजी नव्हतीच, कारण गुरुजी सांगणार होते. त्याची ती खात्री मला अजून सोसवत नाही. महादेवराव माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, सुपारी कातरत होते.

"मी शिकवत होतो," मी म्हणालो. "नीट पाहिलं नाही. दोन्ही बाजूंनी जरा सबुरी धरायला हवी होती."

साहेबांनी ते उतरवून घेतलं. मी खाली सही केली, वळणदार अक्षरात. लाज वाटली का? वाटली. संध्याकाळी नेहमीसारखं दूध आलं, तेही प्यालो.

कवडू आता वाचनाला यायचा नाही, असं मला वाटलं, खरं सांगायचं तर तो येऊ नये असंच वाटत होतं. पण पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी तो आला आणि पायरीवर आपल्या जागी बसला. इंग्रज-फ्रेंच फौजा माघारी फिरत असल्याची बातमी होती त्या दिवशी. मी ती वाचली, मान वर न करता.

"गुरुजी," कवडू म्हणाला, "मिसरच्या बाजूनं कोण कोण बोललं?"

"पुष्कळ जण बोलले. आपणही ठराव केलाच की."

"दूर हाये ना मिसर. दुरून बराबर दिसते तुमाले. माह्यं वावर खिडकीखालीच पडलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो. तो उठला, धोतराची माती झटकली.

"त्या ठरावावरची माह्यी सही राहू द्या," तो म्हणाला. "ते खोटी नाई."

तो गेला. महादेवरावांनी सुपारी तोंडात टाकली.

"वाचा मास्तर, पुढं वाचा."

मी पुढं वाचलं.