जावईबापूंच्या प्लेटा

आक्काचा एक नियम होता. जावयाला तोंडावर मूर्ख म्हणायचं नाही. पाठीमागे काय म्हणाल ते म्हणा. तीन वर्षं तिनं हा नियम इमानानं पाळला, पण त्या शनिवारी सकाळी वर्कशॉपमध्ये दाताखाली धरून धरून तिची जीभ हुळहुळायला लागली.

वर्कशॉप आक्काचं, नवऱ्याच्या मागं तिनंच सांभाळलेलं. लिफ्टवर चढवलेली दोन माणसांची बुटकी लाल गाडी कागदावर आक्काची, पण खरी लेकीची. चार वर्षं एकेक नट जमवून लेकीनं ती भंगारातून उठवली होती. गाडी इतकी हलकी, की मिस्त्री म्हणायचे, हिला हँडब्रेक कशाला, चाकाला चप्पल लावली तरी थांबेल. आठवड्यावर घाटातली शर्यत आली होती. अर्ज आज सहाच्या आत क्लबात द्यायचा आणि एका गाडीला चालक एकच. ती शर्यत लेकीला स्वतः मारायची होती, हे वर्कशॉपातल्या पान्यांनासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जावईबापूंना.

बाकावर दोन सीलबंद खोकी होती. हवं ते फोडा, नको ते तसंच परत करा, असं दुकानदारानं बजावलेलं.

मागच्या दोन चाकांच्या मधे गोळा असतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला लांब पळावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून तो दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो. खोड एकच. एक चाक घसरायला लागलं, की गाडीचा जोर त्याच्याच पायी वाया जातो. "म्हणजे राबणारा उपाशी आणि उंडग्याला ताटभर," आक्का म्हणायची. लिमिटेड स्लिपवाला गोळा त्या उंडग्याचा कान धरतो. घसर बाबा, पण मर्यादेत. एका खोक्यात दात्यांच्या चक्रांनी कान धरणारा गिअरवाला होता, दुसऱ्यात स्प्रिंगनं एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचा प्लेटवाला.

"प्लेटवालाच," जावईबापू म्हणाले, "आणि एकदम टाइट."

"अरे, एवढ्या हलक्या गाडीत टाइट प्लेटा घातल्या तर ती वळायचीच नाही. नाक सरळ दरीत," लेक म्हणाली. "गिअरवाला बरा. गुपचूप काम करतो."

"तू किती वाचलंयस? मी अडीचशे पानं वाचलीत. प्लेटा वळणावर खडखडतात, सीटमधून अंगाला कळतात. आणि तसली गाडी आवरायला मनगट लागतं, म्हणून अर्जावर माझंच नाव घालतो."

लेक नुसती पाना पुसत राहिली. आक्काला जावयापेक्षा तिचाच राग आला. गिऱ्हाइकाला उभं चिरणारी ही पोरगी, नवऱ्यापुढं मेणाची होते!

"बरोबर आहे, जावईबापू," आक्का मधाळ आवाजात म्हणाली. "वाचलेल्या माणसाचं ऐकावं. तुम्ही जेवा, जरा पडा, चारला या. गाडी तयार ठेवतो. चालवून बघा, मग घाला नाव."

जावईबापू शीळ घालत गेले.

"आक्का, चारपर्यंत कसं व्हायचं? दिवसाचं काम आहे," मिस्त्री म्हणाले.

"काम करा म्हणतंय कोण? खोकी कपाटात टाका. जुनाच साधा गोळा पुसून लखलखीत करा."

"आई! पहिल्याच वळणाला कळेल त्याला."

"कळलं तर त्याचं नाव मी स्वतः घालीन. शर्यत मारणाऱ्याला एवढं कळायला नको?"

लेक हात धुवायला गेली, तशी आक्कानं जुन्या नटांचा एक पत्र्याचा डबा हळूच डिकीत सरकवला.

चार वाजता मागच्या अंगणात रंगाचे रिकामे डबे वळणावळणानं मांडले. जावईबापूंनी हातमोजे चढवले. गाडी गुरगुरली, डब्यांना वळसे घालत तीनदा फिरली, टायर किंचाळले. ते उतरले तेव्हा कपाळ चमकत होतं.

"आई, काय पकड आहे! प्लेटा नुसत्या चावतात! जुना गोळा असता ना, इथंच लोळण घेतली असती."

"आवाज येतो का हो?"

"येतो म्हणजे? वळलं की खड-खड-खड! पण त्याला कान लागतो, आई."

मिस्त्रींना एकाएकी ठसका लागला. लेक मात्र चक्रावली. खडखड तिनंही ऐकली होती.

"मला अडाणीला एवढं सांगा," आक्का म्हणाली. "लिमिटेड स्लिप असला की दोन्ही चाकं जोर लावतात ना? मग जमिनीवर काळे पट्टे दोन हवेत. हा एकच कसा?"

जावईबापूंनी पाहिलं. वाकून पाहिलं. वळणावर एकच पट्टा होता, आतल्या चाकाचा. मिस्त्रींनी कपाट उघडलं. दोन्ही खोक्यांची सीलं जशीच्या तशी. आक्कानं डिकीतून डबा काढला आणि कानापाशी खुळखुळवला.

"ह्या तुमच्या प्लेटा."

"आई, ही शुद्ध फसवणूक आहे!"

"आहेच. पण मूर्ख म्हटलेलं नाही हो मी तुम्हाला, एवढं ध्यानात ठेवा."

लेकीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती पट्ट्यापाशी उकिडवी बसली होती. "थांबा. हे बघा, इथं पट्टा हातभर तुटलाय. पुन्हा पुढं सुरू होतो."

"मग?"

"इथं आतलं चाक उचललं गेलंय. पार हवेत. आई, गिअरवाला गोळा घसरत्या चाकाला जेवढी पकड असेल, त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर दुसऱ्याला देतो. हवेतल्या चाकाची पकड किती? शून्य."

शून्याची तिप्पट शून्यच, हे चौथीत शाळा सोडलेल्या आक्कालाही येत होतं.

"म्हणजे प्लेटवालाच लागणार," लेक म्हणाली. "टाइट नाही, अगदी हलक्या ताणावर. पण प्लेटवालाच. मी चुकले."

आक्काचं तोंड उघडं ते उघडंच. सकाळपासून ती गिअरवाल्याच्या बाजूनं उभी होती. जावईबापूंचा मघाशी वाकलेला कणा हळूहळू ताठ झाला.

"आई, सकाळी मी काय म्हणत होतो?"

आक्कानं नटांचा डबा खाली ठेवला. "प्लेटांचं तेवढं तुमचं खरं निघालं."

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

"नसलेलं ऐकता आणि असलेलं ऐकू येत नाही? कान दाखवून या एकदा."

आता मात्र जावईबापूच फस्सकन हसले. हसता हसता बायकोशेजारी बसले. "हलक्या ताणावर म्हणजे किती गं?"

गाडीबद्दल तिला काही विचारण्याची तीन वर्षांतली ही पहिली वेळ. लेकीनं खडूनं जमिनीवरच आकृती काढली, कुठल्या प्लेटा ठेवायच्या, कुठल्या काढायच्या, स्प्रिंग किती दाबायची. आक्काला निम्मं कळलं नाही. पण जावईबापू विचारत होते, खोडत होते, पुन्हा विचारत होते, आणि लेकीचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना चढतो तसा चढला होता.

पाच वाजून गेले. जावईबापूंनी अर्ज बॉनेटवर पसरला, खिशातलं पेन काढलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. आक्का चष्मा लावून त्यांच्या खांद्यामागं उभी राहिली. तिचं वाचन सावकाशीचं, अक्षराला अक्षर जोडून. चालकाच्या रकान्यात पहिलं अक्षर लेकीचं निघालं. तरी ती हलली नाही. शेवटच्या अक्षरावरची मात्रा पडली, तेव्हा बाजूला झाली.

"मालकाची सही इथं, आई."

आक्कानं सही ठोकली. अक्षरं चौकटीबाहेर गेली.

"पळा आता, सहाला दार लावतात ते लोक. आणि मिस्त्री, बघताय काय? फोडा खोकं. ते नव्हे हो, प्लेटवालं!"