बटाट्यांच्या अंगातलं विष

टबातलं पाणी रंग बदलू लागलं आणि हॉलभर म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. पाणी नळाचं, स्वच्छ, सगळ्यांच्या देखत ओतलेलं. त्यात चिमूटभर मीठ पडलं, यंत्राचा वायर लावलेला गोल डबा बुडाला, दोन पाय गेले, बटण दाबलं गेलं आणि बुडबुडे सुटले. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, आणि शेवटी त्यावर घाणेरडा फेस तरंगू लागला.

"बघितलंत, आई? बघितलंत, बाबा?" पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला. "ही गेल्या वर्षीची फ्लूची लस. अंगात मुरून बसली होती, आज पायांच्या वाटेने बाहेर पडली. आता अंग स्वच्छ. स्वच्छ अंगाला फ्लू शिवत नाही. शंभर टक्के. लिहून घ्या."

लिहून कोणी घेतलं नाही, पण रांग लांबली. एरवी इमारतीची मीटिंग म्हटली की ज्यांचे गुडघे नेमके दुखायला लागतात, ते सगळे आज तळमजल्यावर हजर होते. कोटवाला स्वतःला शुद्धिगुरू म्हणवून घ्यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याला टबवाला म्हणत, आणि त्याहून जास्त मान द्यायला त्या तयार नव्हत्या. टबात पाय सोडून बसलेला माणूस त्यांचाच नवरा होता, त्यामुळे त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

काकांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. घरात नवीन मिक्सर आला तरी आधी स्क्रू काढून आत डोकावणार आणि मगच काकूंच्या हाती देणार, असा हा माणूस. गेल्या वर्षी त्यांनी फ्लूची लस घेतली, तरी त्यांना फ्लू झालाच. आठवडाभर हॉस्पिटलात ऑक्सिजनवर काढला. तेव्हापासून छाती पूर्वीसारखी राहिली नाही, एक जिना चढला की कठड्याला धरून उभे राहत. असा ताप पुन्हा आला तर निभावणं कठीण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन दिवसांनी त्या याच हॉलमध्ये लस द्यायला येणार होत्या, आणि काका हटून बसले होते.

"एकदा फसलो, पुरे झालं," घरी आल्यावर ते म्हणाले. "लिफ्ट एक तर चालते, नाहीतर बंद असते. लस घेऊनही ताप येतो म्हणजे ती बंद आहे."

"आणि तो टब चालतो?"

"डोळ्यांनी पाहिलं ना मी. तूही पाहिलंस."

काकूंनी पाहिलं होतं, हीच तर पंचाईत होती. काका न्हाणीघरात खोकायला लागले की काकूंचा कामातला हात थांबायचा. हा माणूस गेला तर मी काय करू, हा एकच विचार त्यांना गेलं वर्षभर कुरतडत होता. तो विचार बोलून दाखवायची चोरी, म्हणून त्या भांडत.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"पाण्याचा रंग कशाने बदलतो ते मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "पण मी कोट घालते आणि तोही घालतो. कोणाचं ऐकायचं हे लोकांनी का ठरवत बसावं? पाय न घालता टब चालवून बघा. बस्स."

"रिकामा टब तो चालवू देईल होय?"

"अजिबात नाही."

"मग बघते मी काय करायचं ते," काकू म्हणाल्या, आणि परत येताना भाजीवाल्याकडे थांबल्या.

लस द्यायच्या दिवशी टबवाला सकाळीच चार टब मांडून ठाण देऊन बसला. डॉक्टरीणबाई यायच्या आत माणसं धुऊन काढायची, हा त्याचा बेत. काकू रांगेत पहिल्या. काका कौतुकाने मागे उभे राहिले, बायको शेवटी ताळ्यावर आली म्हणून.

काकूंनी गुडघ्यांवरून मोठा टॉवेल पसरला, तो टबावरही घेतला. टबवाल्याने विचारलं, तेव्हा परक्या माणसासमोर पाय उघडे टाकायची लाज वाटते, असं त्या म्हणाल्या. मग खाली वाकून थोडी हालचाल केली आणि मान डोलावली.

बटण दाबलं गेलं. थोड्या वेळाने टबवाल्याने टॉवेलचं टोक जरासं उचलून वरच्या फेसावर नजर टाकली आणि हळहळला.

"अरेरे, आई. किती साठलंय हो तुमच्या अंगात. किती वर्षं लस घेताय? हा बघा रंग. फक्त लस नाही, यकृतही बोलतंय. गुडघे बोलतायत."

"गुडघे काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"सुटलो, असं म्हणतायत."

काकूंनी टॉवेल ओढून काढला. टबात तपकिरी पाण्यात दोन मोठे, सोललेले बटाटे पडले होते. काकूंचे पाय टबाच्या बाजूला, चपलांमध्ये, कोरडे ठणठणीत.

"या बटाट्यांनी लस कधी घेतली ते मला आठवत नाही," काकू म्हणाल्या. "यकृताचंही काही बोलले नव्हते."

मग मागून एक म्हातारी खुदकन हसली आणि ते हसू रांगेतून पुढे पुढे येत गेलं. टबवाल्याचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती.

"बटाट्यांवर औषधं फवारतात, आई. तेच विष निघालं."

"बाजूला व्हा," कोणीतरी म्हणालं. ते काका होते.

त्यांनी आधी प्लग काढला. मग पाण्यातला गोल डबा बाहेर घेतला, खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने उघडला आणि त्यातल्या दोन पट्ट्या हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. पट्ट्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"लोखंड आहे," ते शेवटी म्हणाले. "मिठाचं पाणी, त्यात लोखंड आणि त्यातून करंट. लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. माझे पाय असोत, बटाटे असोत, नाहीतर काही नसो."

त्यांनी डबा पुन्हा बंद केला, नवं पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि टब रिकामाच चालवला. टबवाला आडवा येत होता, पण आता चारजण त्याला आडवे आले. पाणी पिवळं झालं. मग तपकिरी. टबवाल्याने उरलेले टब एकात एक घातले आणि काढता पाय घेतला.

डॉक्टरीणबाई लशीची थंड पेटी घेऊन दारात उभ्या होत्या. खुदकन हसलेल्या म्हातारीने त्यांना तिथेच गाठलं.

"मग तुमची लस शंभर टक्के का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हॉल कुजबुजला. काकूंना राहवेना. "अहो, गेल्या वर्षी समोरच्या शिंपीकाकांनी लस घेतली नव्हती, ते फ्लूने गेले. ह्यांनी घेतली होती, हे परत आले. सांगा ना त्यांना."

"ते नका सांगू, काकू. दोन माणसांवरून काहीच ठरत नाही. एकाची गोष्ट सांगून दुसऱ्याला गळाला लावायचं हे टबवाल्याचं काम. लस घेतलेले आणि न घेतलेले हजारो म्हातारे वर्षानुवर्षं मोजले, तेव्हा जे कळलं ते सांगते. लस न घेता ज्या दहाजणांना फ्लूमुळे हॉस्पिटलात जावं लागलं असतं, त्यांतल्या साधारण तीन-चारजणांचं जाणं लशीने टळतं. चांगल्या वर्षी पाचजणांचं, वाईट वर्षी त्याहून कमी. फ्लूचा विषाणू सारखा बदलतो, आणि उतारवयात शरीरही लशीला जोमाने साथ देत नाही. म्हणून तर म्हाताऱ्यांसाठी जास्त ताकदीची लस आणली आहे. तीही दोनेक आठवड्यांनी कामाला लागते."

"चारच?" कोणीतरी नाक मुरडलं.

काकू गर्रकन वळल्या. "चार कमी वाटतात? त्या चारांत आमचे हे असले, तर मला ते शंभर आहेत. मला हा माणूस हवाय."

इतक्या लोकांत त्या असं काही आजवर बोलल्या नव्हत्या. काका खाली बघत होते.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "त्याने शंभर म्हटलं, बरं वाटलं. म्हणून उघडून पाहिलं नाही." मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "लिफ्टला आम्ही एकाच ब्रेकवर कधी सोडत नाही. प्रत्येक ब्रेक कधी ना कधी चुकतो. चुकतो म्हणून काढून टाका, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला हाकलला असता."

ते खुर्चीत बसले आणि बाही वर सारू लागले.

शंभर टक्के म्हणणारा भेटला की त्याचं यंत्र उघडून बघावं. चार म्हणणारा भेटला तर ते चार कसे मोजले, हे त्यालाही विचारावं. विचारलं म्हणून जो चिडतो, त्याच्या टबात पाय घालू नयेत. यासाठी शिक्षण फार लागत नाही, विचारायची लाज तेवढी सोडावी लागते.

"आणि एवढं करून यंदाही ताप आला तर?" सुई दंडात जाताना काकांनी काकूंना विचारलं.

"आला तर माझ्याशी भांडा," काकू म्हणाल्या. "भांडायला जागेवर असलात म्हणजे झालं."