चाळीस हिरव्या, एक वगळली

मित्रांनो, मी सतरा ओळींची एक जुनी चाचणी आहे. शाळेतली नव्हे, संगणकातली. मला एकच काम येते. चूक दिसली की लाल व्हायचे आणि सगळ्यांना थांबवायचे.

माझा जन्म नंदुरबारला, मिरची बाजारामागच्या एका संस्थेच्या कार्यालयात झाला. ही संस्था सिकलसेलच्या रुग्णांसाठी एक ॲप चालवते. रक्ताचा हा आजार जन्मभर सोबत राहतो. गोळ्या चुकल्या, थंडी लागली, अंगमेहनत जास्त झाली, की हाडे ठणकू लागतात आणि जिवावर बेतते. गोळ्यांची तारीख आली की आमचे ॲप फोन लावते आणि रुग्णाचे नाव घेऊन पावरीत, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या भाषेत, निरोप सांगते.

पूर्वी ॲपची नवी आवृत्ती संस्थेतला संगणकवाला भावेश हाताने चढवायचा. त्यासाठी भिंतीवर अकरा पायऱ्यांचा कागद चिकटवलेला होता. अकरावी पायरी म्हणजे डोंगरातल्या आरोग्यसेविका सिंधुबाईंना फोन. त्यांच्या एका पाड्यावर रुग्ण पाच, मोबाइल एकच, तोही गुलाबसिंगचा. त्यावर पाचही नावे ऐकू आली की नाही, हे सिंधुबाई विचारून सांगत. मगच भावेश चहाला उठायचा.

पुढे ठरले की हे काम आपोआप व्हावे. रिना नावाची पावरा मुलगी नुकतीच कामावर आली होती. तिने आणि भावेशने तीन आठवडे डोके लावले. कधी पासवर्डासारखी गुप्त किल्ली चुकायची, कधी परवानगी नाकारली जायची. अखेर जमले. इथून नवे काम पाठवले की दूरवरचा एक संगणक ते उचलतो, आम्हा एक्केचाळीस चाचण्यांतून काढतो आणि सगळ्या हिरव्या झाल्या की स्वतःच क्लाउडवर, म्हणजे ॲप जिथून चालते त्या भाड्याच्या संगणकांवर, चढवतो. चार मिनिटांत! त्या दिवशी कार्यालयात खमण आले आणि भिंतीवरचा कागद उतरला.

दहा पायऱ्या यंत्राने घेतल्या. सिंधुबाईंना फोन मात्र त्याला जमेना. म्हणून रिनाने मला लिहिले. मी दोन खोटे रुग्ण उभे करते, दोघांना एकच नंबर देते आणि दोघांचे निरोप वेगवेगळे निघतात का ते पाहते.

पहिल्याच वर्षी मी दोनदा लाल झाले. दोन्ही वेळा चूक खरी होती.

"रिना, तुन्ही ही चाचणी म्हंजे सासू शे," भावेश म्हणाला. "जराबी चुकनं का दारमाच उभी!"

"सासू शे म्हनीसन घर चाली ऱ्हायनं, भावेशभाऊ," रिना हसून म्हणाली.

माझ्या आयुष्यात कौतुक झाले ते एवढेच. पण ते मला पुरले असते.

रिना नाशिकला नोकरीला गेली. गेल्या दिवाळीआधी संस्थेला पैसे देणारे पाहुणे ॲपचे नवे रूप पाहायला आले. नव्या रूपात मोबाइल नंबर टाकूनच ॲपच्या आत जायचे होते. एका नंबरावर एकच नाव. शहरात ते कुणाला खटकलेही नसते. मी लाल झाले.

"भावेश, पाहुणे स्टेशनवर उतरले," संस्थेच्या प्रमुख मोहिनीताई दारातून म्हणाल्या. "अकराला दाखवायचंय."

"ताई, चाळीस हिरव्या शेतस. एकच लाल शे."

"मग चाळीसांचं ऐक ना!"

भावेशने माझ्या सतरा ओळी उघडल्या. मग त्याने माझ्यावर एकच शब्द लिहिला, 'वगळा'. चार मिनिटांनी सगळे क्लाउडवर गेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने गुलाबसिंगचा फोन वाजला. ॲपने एकच नाव घेतले, चैत्याचे. पाच रुग्णांतले शेवटी नोंदलेले नाव तेच होते. नानीबाईची अकरा वर्षांची मुलगी निशा त्याच पाचांतली. आपले नाव कधी येते याची तिने तीन दिवस वाट पाहिली. मग आईबापाबरोबर ती गुजरातेत ऊसतोडीला गेली, गोळ्यांशिवाय. पौषाच्या थंडीत फडावर तिचे अंग दुखू लागले. गाडी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. निशा दवाखान्यात पोहोचली नाही.

सिंधुबाई कार्यालयात आल्या तेव्हा बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊ, चैत्याना मॅसेज उना. निशाना का बरं नई उना? मॅसेज नई म्हंजे आवंदा गोया बी नई, असं समजनात त्या."

भावेशने यादी उघडली. एका नंबरावरच्या एका नावामागे झाकली गेलेली नावे त्याने मोजली. एक्क्याऐंशी. निशाचे नाव त्यांत होते.

"आनि ह्या बाकीना?" सिंधुबाईंनी विचारले. त्यातली निम्मी घरे तोडीला गेलेली होती.

भावेशने माझ्यावरचा शब्द पुसला. मी लाल झाले आणि यंत्र थांबले. मला वाटले, आता तरी दुरुस्ती होईल. "आत जायची सगळी पद्धतच बदलावी लागेल. दोन महिने लागतील," मोहिनीताई म्हणाल्या. "तोवर बाकीची कामं कशी अडवायची?" संध्याकाळी तो शब्द परत माझ्यावर आला. सिंधुबाई झाकलेल्या नावांची वही घेऊन पाडोपाडी फिरत आहेत. दोन महिने केव्हाच उलटले.

मित्रांनो, थांबवणाऱ्याचा राग येतो, हे मला माहीत आहे. पण त्याला गप्प करण्याआधी तो कुणासाठी अडून बसला आहे, एवढे तरी विचारा. मी हे निशासाठी करत होते, आणि मला तिचे नावही माहीत नव्हते.

अजूनही रोज चार मिनिटांत काम क्लाउडवर जाते. अहवालावर मोठी हिरवी खूण उमटते. तिच्याखाली करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'एक वगळली'. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशा संगणकासमोर बसलात, तर कृपा करून ती ओळ वाचा.