धुतलेला पुलाव

उद्या सकाळच्या एस.टी.ने संघर्ष पेठच्या शाळेत रुजू व्हायला निघणार होता. शिनोलीच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या या वस्तीवर मास्तरकीची तीन वर्षे त्याने काढली, पण ठकूबाईला एकदाही आपल्या हातचे जेवू घातले नाही, ही गोष्ट त्याच्या मनात सलत होती.

नाव संघर्ष असले तरी स्वभावाने तो इतका भिडस्त, की वर्गाबाहेर त्याचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. दोन हजार एक साली तो कळंबहून इथे आला आणि दिवेलागणीपर्यंत शाळेच्या ओट्यावर नुसता बसून राहिला. शेजारची ठकूबाई आली. तिने नाव विचारले, आडनाव विचारले, आणि ते ऐकून एवढेच म्हणाली, "जेवलास का?" त्या दिवसापासून तिच्या चुलीवरचा वाफाळता भात त्याला कधी चुकला नाही. एकट्या बाईचे घर; ती त्याला आधी वाढायची आणि उरलेले स्वतः मागाहून खायची.

म्हणून त्याने मंचरहून तयार पुलावाचा खोका आणला होता. तांदूळ, मसाला, सुके वाटाणे, गाजराचे तुकडे, सारे एकत्र. उकळत्या पाण्यात टाकायचे, की दहा मिनिटांत दोघांचे पोटभर जेवण, असे खोक्यावर छापले होते. त्याने ते चारदा वाचले. स्वयंपाक येत असता, तर खोका लागलाच नसता.

"मावशी, आज मी करणार. तुम्ही बसायचं."

"आज मास्तर बोलाया लागला म्हनायचं," ठकूबाई हसली. "कर बाबा. पर घरात पानी लई थोडं हाय."

मे महिना होता. झरा अर्ध्या तासाच्या वाटेवर. हंडा घेऊन तो गेला, वाटीवाटीने भरला आणि परतला, तेव्हा ठकूबाईच्या पुढ्यात परात होती, आणि परातीत वाटाणे-गाजरासकट पांढराशुभ्र तांदूळ.

"फसिवलं रं तुला," ती म्हणाली. "तांदळाला रंग लावून इकत्यात. तीन पान्यानं चोळला, तवा कुठं निघाला."

भातखाचरात जन्म गेलेली बाई. न धुतलेला तांदूळ ती चुलीवर चढवील कशी? एरवी तो गप्प बसला असता. गप्प बसणे त्याला सोपे होते. पण मग आज पुन्हा तोच पांढरा भात शिजेल, तीच वाढील, आणि उद्या एस.टी. येईल.

"तो रंग नव्हता, मावशी. मसाला होता. धुवायचा नसतो तो."

ठकूबाईचा हात परातीतच थांबला.

"मंग सांगून जायचं न्हाई व्हय?"

"सांगायला हवं होतं."

"तीन वरसात चार शब्द बोललास, त्यात ह्यो न्हाई बसला."

"पाणी कुठं ओतलंत?"

"मे महिन्यात पानी वततंय कोन?" ती उठली. "पयलं वासराला दावलं. दोन हायेत हितंच."

दाराबाहेर वासरू एकसारखे शिंकत होते.

उरलेली दोन पाणी त्याने फडक्यातून गाळली, पातेल्यात उकळायला ठेवली आणि तांदूळ सोडला. भिंतीशी बसून ठकूबाई हुकूम सोडत राहिली: जाळ काढ, झाकण ठेव, मीठ चाखून बघ. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. पुलाव फिकट पिवळा उतरला, थोडा गिचकाच.

"तू घे आधी," ती म्हणाली.

"नाही. आज तुम्ही."

रिकाम्या हातांनी ताटाची वाट कशी पाहायची, हे तिला उमगेना. तिने पदर सारखा केला, पुन्हा केला. मग पहिला घास घेऊन बराच वेळ चावला.

"वासराला पयलं पानी उगंच दिलं," ती म्हणाली. "समदी चव त्येच्यातच गेली बग."

पण ती जेवत राहिली, आणि ताट पुसून निघाले.

"घ्या ना अजून," तो म्हणाला.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. त्याने डाव भरून पुढे धरला होता. ताट तिने मागे घेतले नाही.