माझ्यामागे उभे असलेले साहेब

तुम्ही मला शिकवलंत आणि हात झटकून मोकळे झालात. वर सगळ्यांना सांगितलंत, ‘यंत्राला जात नसते.’

मी नोकरीचे अर्ज चाळणारा प्रोग्राम बोलतोय. अंधेरीतल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये मी घडलो. तिथली भरती बघणाऱ्या देवव्रत साहेबांनी बारा वर्षांत निवडलेले आणि नाकारलेले अर्ज, एवढंच माझं शिक्षण. मी सुरू होण्याआधीच साहेब वारले. पण अर्ज उघडला की वाटायचं, कुणीतरी माझ्यामागे उभं आहे. एखाद्या ओळीवर ते थबकायचं आणि मी देत असलेले गुण आपोआप खाली यायचे.

पुढे आडनावं झाकली, पत्तेही झाकले. तरी ते थबकायचंच.

भांडुपच्या सपनाला मी तीनदा नाकारलं. चार वर्षांचा अनुभव असलेली तंत्रज्ञ. जुनी लॅब बंद पडल्यापासून घरी बसलेली. चौथ्यांदा तिने फोनच केला.

“मॅडम, नको तर नको म्हणा. पण काय कमी पडतं ते तरी सांगा ना!”

फोन घेतला होता नव्याने लागलेल्या प्रांजलने. तिने अर्ज उघडला.

“हिला शंभरात अडतीस? यार, हा अर्ज तर माझ्यापेक्षा भारी आहे!”

तिने अर्जाच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक प्रतीत एकच ओळ बदलून मला दिली. अडतीस. अडतीस. मग ‘बुद्धविहारातली अभ्यासिका सांभाळली’ याऐवजी तिने ‘सोसायटीतली अभ्यासिका सांभाळली’ असं लिहिलं.

ब्याऐंशी.

प्रांजलने दचकून मागे पाहिलं. दारात चहा घेऊन खंडू शिपाई उभा होता. तो पडद्याकडे एकटक बघत म्हणाला, “साहेबांचं बोट अशाच ओळीवर थांबायचं. मग कागद पालथा.”

त्याच दिवशी प्रांजलने वरिष्ठांशी भांडून मला बंद करायला लावलं. मी नाकारलेले सगळे अर्ज आता माणसं पुन्हा वाचतायत. मला नव्याने शिकवणार आहेत म्हणे. शिकवा, पण नुसती नावं झाकून निवांत बसू नका. एकाच ओळीचा फरक असलेले दोन अर्ज मला देत राहा, दर महिन्याला. गुण बदलले तर जाब विचारा. राग कसा येतो ते मला कुणी शिकवलं नाही. तो तुम्हाला यायला हवा.

आज मुलाखतीनंतर सपना नेमणुकीचं पत्र घेऊन बाहेर आली. खंडूने तिला पाण्याचा ग्लास दिला, माझ्या काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि प्रांजलला हळूच म्हणाला,

“मॅडम, साहेबांचं तेरावं आज झालं म्हणायचं.”